अंगठ्याएवढी जागा

त्या चित्रातलं आभाळ कडेपर्यंत गेलेलं होतं. दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं, आभाळ कडेपर्यंतच जातं. पण मी चित्रासमोर उभी राहिले आणि जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि एकदम सपाट फरशी लागावी, तसा हिसका बसला. सूनबाईंनी माझं कोपर धरलेलंच होतं, ते घट्ट केलं. "काय झालं आई? चक्कर येतेय?" "नाही गं." "पाणी देऊ?" "नको म्हटलं ना, बघू दे जरा." आमच्या सुनेचा पाण्यावर फार विश्वास. माझा मुलगा नोकरी सोडून घरी आला तेव्हाही तिने आधी त्याच्या हातात पेला दिला होता. ती बाटलीचं झाकण फिरवत माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, रंगवलेल्या त्या खिडकीकडे बघत राहिले. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, तिच्यावरून गेलेल्या तारा, एका तारेवर कुणाचा तरी एकच सदरा. सगळं होतं तसं होतं. फक्त डाव्या कडेला, मधल्या उंचीवर, अंगठ्याएवढा एक तपकिरी डाग असायला हवा होता आणि तसाच एक उजवीकडे. दोन्ही नव्हते. डावीकडे आभाळ पुढे सरकून कडेला टेकलं होतं आणि उजवीकडे टाकीची सावली.

गॅलरी म्हणजे पूर्वीचं सुताचं गोदाम. भिंती इतक्या उंच की मान वर केल्यावर माणसाला आपण कुणाकडे तरी काही मागायला आलोय असं वाटावं. ही गॅलरी चालवणाऱ्या बाई आपले चित्रकार आणि बाहेरच्या देशांतले चित्रकार एकाच भिंतीवर मांडतात, त्यांचा तसा हट्टच आहे. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं की लोक बाहेरच्यांना वाकून बघतात आणि आपल्यांना उभ्या उभ्या, असं त्या म्हणतात. म्हणून ताईच्या समोरच्या भिंतीवर कुठल्याशा दूरच्या देशातल्या बाईचं काम होतं. काम म्हणजे नुसती एक फिल्म. एक बाई मोठी चादर घेऊन उभी आहे आणि एकटीने तिची घडी घालायचा प्रयत्न करतेय. एक टोक हनुवटीखाली धरते, दुसरं हाताने ताणते, की पहिलं निसटतं. पुन्हा धरते, पुन्हा निसटतं. बराच वेळ हेच. सूनबाई म्हणाल्या, "हिला म्हणावं शेजारणीला हाक मार." मला हसू आलं, पण बोटं मात्र आपोआप हलली. चादरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं हे माझ्या बोटांना डोक्याच्या आधी कळतं.

आमची ती खोली आठवते मला. वडील आरशांच्या दुकानात कामाला होते. आरसा फुटला की काच जायची, पण तिच्या मागचा पुठ्ठ्यासारखा तपकिरी हार्डबोर्ड उरायचा, तो मालक त्यांना नेऊ द्यायचे. एक बाजू गुळगुळीत, दुसरी जाळीजाळीची. ताई गुळगुळीत बाजूवर रंगवायची. तिला चित्र उभंच लागे. आडवं ठेवलं की चित्र झोपतं, म्हणायची. भिंतीला टेकवायची सोय नव्हती, कारण एका भिंतीला ओल, दुसरीला आईचं शिलाई मशीन, तिसरीत दार आणि चौथीत ती खिडकी, जी ताई रंगवायची. चित्र उभं ठेवायचा लाकडी घोडा आणला असता तर दार उघडलं नसतं. मग मीच घोडा. खिडकीकडे पाठ करून मी खाटेवर बसायची, बोर्ड मांडीवर उभा धरायची, चार चार बोटं मागच्या जाळीवर आणि दोन अंगठे पुढे. ताई समोर स्टुलावर. ती माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघायची आणि मग खाली बोर्डाकडे, पुन्हा वर आणि पुन्हा खाली, पाणी पिणाऱ्या चिमणीसारखी. म्हणजे चित्र होताना मी कधीच बघितलं नाही. मी बघत होते ताईचा चेहरा. जग तिची चित्रं समोरून ओळखतं, मी मागून. रंग बरोबर लागला की तिची खालच्या ओठाची कड आत जायची. चुकला की डावी भुवई एकटीच वर. निळा संपत आला असला की ती श्वास जपून घ्यायची, जणू निळाच श्वासाने संपणार आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी हे चित्रकलेत बसतं का, मला माहीत नाही.

अंगठे जिथे असत तिथे ती रंगवत नसे. कधी ब्रश घसरून नखावरच जायचा आणि मी हिरव्या अंगठ्यांनी शाळेत जायची. झालेल्या चित्रात त्या दोन जागा तशाच कोऱ्या, बोर्डाच्या तपकिरी रंगाच्या. आई म्हणायची, "अगं, एवढं केलंस, ती दोन ठिगळं भर ना. डोळ्याला खुपतंय." ताई म्हणायची, "तिथे काय होतं मला कुठे दिसलं? तिचे अंगठे होते." "अंगठ्याखाली आभाळच असणार, दुसरं काय?" "असेलही. मी बघितलं नाही." वडील दिवसभर उभे राहून दमलेले असायचे, पण एवढ्यावर त्यांची कळी खुले. "थोरली चित्रकार आणि धाकटी अंगठाबहाद्दर," म्हणायचे. पुढे मी शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथे काय करतेस?" मी म्हटलं, "नकाशे धरून उभी असते." "म्हणजे बढती नाही मिळाली," ते म्हणाले.

मग माझं लग्न झालं आणि मी दुसऱ्या शहरात गेले. त्यात नाट्य काही नव्हतं. मला तो माणूस आवडला होता, ताईलाही आवडला होता. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "आता बोर्ड कोण धरणार?" ती म्हणाली, "खुर्चीला टेकवीन. खुर्चीला निदान मध्येच शिंक येत नाही." आम्ही दोघी हसलो. माझा संसार झाला, मुलगा झाला, शाळा झाली. ताईने लग्न केलं नाही. आई तिच्याजवळच होती, शेवटपर्यंत. पुढे ताईने मोठी जागा घेतली, मोठी कापडं ताणून रंगवायला लागली. मी जायची, राहायची, आम्ही भाजी निवडत बसायचो, आईची औषधं, माझ्या सासूबाईंचा स्वभाव, सगळं बोलायचो. चित्रं मात्र भिंतीकडे तोंड करून उभी असत. "दाखव की." "झाली की बघ." माझ्या बाजूला पुन्हा पाठच. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मला तीच बाजू सवयीची होती.

"मावशी! आलात? बरं झालं लवकर आलात, संध्याकाळी गर्दीत काही दिसणार नाही." गॅलरीवाल्या बाई लगबगीने आल्या. साठीच्या आसपासच्या, केस बारीक कापलेले, पायांत कापडी बूट. ताईच्या शेवटच्या काही वर्षांत ह्या तिच्याकडे नियमाने जात, तिची औषधं आणत, आणि ताई गेल्यावर सगळी चित्रं ह्यांनीच स्वच्छ करून, जपून ठेवली. मला त्यांच्याबद्दल माया आहे. त्यांच्यामागून एक सावळी, ठेंगणी बाई आली, कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग. "ह्यांनी आपल्या बाईंची, तुमच्या ताईंची, चित्रं दुरुस्त केली," गॅलरीवाल्या म्हणाल्या. "हात काय आहे मावशी! सुरुवातीच्या चित्रांची अगदी वाट लागली होती." भिंगवाली लाजली, पण तिच्या डोळ्यांत कौतुकाची भूक स्पष्ट दिसत होती. चांगल्या कारागिराला असतेच ती. ती मला म्हणाली, "काकू, एक गंमत करू या. सांगा बरं, ह्या चित्रात मी कुठे हात लावलाय? आजवर कुणाला सापडलं नाही."

मी चष्मा न घालताच डावीकडे बोट दाखवलं. मग उजवीकडे. मग पुढच्या चित्रात. त्याच्या पुढच्यात, जिथे टाकीऐवजी धुराडं आहे, तिथे.

भिंगवालीचं तोंड उघडं राहिलं. "अहो काकू! तुम्ही चित्रकार का?" "छे हो. भूगोल." "मग कसं काय?" सूनबाई अभिमानाने म्हणाल्या, "आमच्या आईंना सुईत दोरा अजून एका फटक्यात ओवता येतो." जणू त्यानेच सगळं सिद्ध होत होतं. भिंगवाली समजावायला लागली की ह्या सगळ्या जुन्या बोर्डांवर दोन्ही कडांना, नेमक्या सारख्याच उंचीवर, रंग गेलेला होता. गोल, लंबट. कुठल्या तरी लोखंडी चिमट्याने बोर्ड धरून ठेवायची त्यांची पद्धत असावी, आणि चिमटा ओढून काढताना रंग निघून येत असणार. "मी शेजारचे रंग बघून बघून भरत गेले. आभाळाचा हा राखाडी जमायला किती दिवस गेले, विचारू नका." आणि खरंच, भरलेलं आभाळ सुंदर होतं. ताईच्या आभाळाइतकंच ओलसर. तिने किती प्रेमाने भरलं असेल ते दिसत होतं, आणि त्याच प्रेमाने तिने मला तिथून काढून टाकलं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. पण गॅलरीवाल्या बाई मध्येच म्हणाल्या, "आणि फार मोठं काम झालं हो त्याने. संध्याकाळी परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाचा माणूस येतोय. बाईंची चित्रं तिकडे न्यायची का, ते आज ठरवणार. खराब झालेली चित्रं ते लोक प्रवासाला घेतच नाहीत. ही आता तरी दाखवण्यासारखी झाली." मी तोंड मिटलं. ताई तिच्या हयातीत आपल्या शहराबाहेर गेली नव्हती म्हटलं तरी चालेल. आता तिला समुद्रापार न्यायला माणूस येणार, आणि माझे दोन अंगठे आडवे घालू?

मी म्हटलं, "वरचा मजला बघते." जिना लोखंडी होता, सूनबाई मागून चढत होत्या, मी पडले तर झेलायच्या तयारीने. मनात मी स्वतःशी वकिली करत होते. काय बिघडलं? आईचं तर पहिल्यापासून हेच म्हणणं होतं, ठिगळ भर. उशिरा का होईना, भरलं गेलं. तिथे कोण होतं ह्याची कुणाला पडली आहे? चित्रात टाकी आहे, टाकी बांधणारा गवंडी कुठे आहे? खिडकी आहे, सुतार कुठे आहे? पण गवंड्याने टाकी बांधताना कुणाचा चेहरा तासन् तास बघितला नव्हता. मला आठवत होतं की मधूनच हात भरून यायचे, खांदे दुखायचे, मग ताई न सांगता ब्रश खाली ठेवायची, माझी बोटं एकेक करून जाळीवरून सोडवायची आणि चोळायची. बोटांच्या पोटांवर जाळीची नक्षी उमटलेली असे. ती नक्षी ती गालाला लावायची. थंड असतात ना गं बोटं तुझी, म्हणायची. आज ह्या वयात, लोखंडी कठडा धरून वर जाताना, बोटांच्या पोटांवर मला ती जाळी लागली.

वर सगळं पांढरं होतं. भिंती नव्हेत, चित्रं. ताईची शेवटची, मोठी कापडं, ओळीने. ह्याला गॅलरीत 'पांढरा काळ' म्हणतात, असं सूनबाईंनी दाराजवळच्या पाटीवरून वाचून सांगितलं. मी ही चित्रं पहिल्यांदाच बघत होते. पहिल्या चित्रात पुन्हा खिडकीच होती, तीच जुनी खोलीतली. ताई ज्या नव्या जागेत राहत होती तिथून ती टाकी दिसण्याची काही शक्यता नव्हती. आठवणीने काढली होती. आणि दोन्ही कडांना, मधल्या उंचीवर, पांढऱ्या रंगाचे दोन लंबगोल. मी कठड्यावरचा हात सोडला. डावा लंबगोल टोकाशी किंचित बाहेर वळलेला होता. माझा उजवा अंगठा, समोर बसलेल्या ताईच्या डावीकडचा, लहानपणी दारात सापडला होता, तेव्हापासून तो तसाच वळलेला आहे. पुढच्या चित्रात ते दोन लंबगोल तळव्याएवढे झाले होते. त्याच्या पुढच्यात ताटाएवढे. पांढरं दोन्हीकडून आत येत गेलं होतं, खिडकी मध्ये आक्रसत गेली होती, आणि शेवटच्या चित्रात तर मध्ये उरली होती फक्त एक अरुंद उभी फट. तिच्यात टाकीचा एक तुकडा, तारेचा एक तुकडा, सदऱ्याची बाही. बाकी सगळं कापड पांढरं. आणि तरीही डावीकडचं ते पांढरं वरच्या टोकाला बाहेरच वळत होतं.

मी तिथल्या बाकावर बसले. सूनबाईंनी ह्या वेळी पाणी विचारलं नाही, त्यामुळे माझा चेहरा कसा झाला असेल ते मला कळलं. काय करत होतीस गं ताई? माझी जागा धरून ठेवली होतीस, की थोडं थोडं करून मला पुसत होतीस? मी नाही म्हणून तिथे काही नाही, असं सांगत होतीस, की आता इथे तूच तू आहेस असं? आम्ही तिच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसायचो, आणि पलीकडच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, हे उभं असायचं. तेव्हा उठून एक जरी कापड उलटं फिरवलं असतं तर विचारता आलं असतं. तिने डावी भुवई वर केली असती. पण एक गोष्ट उघड होती. खालच्या मजल्यावरचे माझे अंगठे नसतील तर वरच्या ह्या पांढऱ्याला काही अर्थच उरत नव्हता. बघणारा म्हणेल, म्हातारपणी बाईला पांढरं आवडायला लागलं. आता हे माझ्यापुरतं राहिलं नव्हतं.

खाली आले तेव्हा भिंगवाली माझीच वाट बघत होती. तिला तो प्रश्न सोडत नव्हता. "काकू, खरं सांगा, कसं ओळखलंत?" मी म्हटलं, "तो चिमटा मीच." तिला कळलं नाही. मग मी तिथल्या स्टुलावर बसले, पर्स मांडीवर उभी केली, चार बोटं मागे आणि अंगठे पुढे धरून दाखवलं. खोली सांगितली, आरसे सांगितले, शिंक सांगितली. वरचा वळलेला अंगठा सांगितला आणि माझा उजवा हात तिच्यासमोर धरला. तिने कपाळावरचं भिंग खाली ओढलं आणि माझा अंगठा बघितला, दुखणं शोधणाऱ्या डॉक्टरसारखा, उलटसुलट करून. मग ती एकदम मटकन खाली, फरशीवरच बसली. "अगं बाई," ती म्हणाली. "बटाटे!"

"कसले बटाटे?" सूनबाई म्हणाल्या.

ती गॅलरीवाल्यांकडे वळली. "बाईंचे बटाटे हो! वरच्या चित्रांतले!" गॅलरीवाल्यांनी तोंडावर हात ठेवला. मग भिंगवालीने मला सांगितलं की वरची पांढरी चित्रं त्यांनी एका खास प्रकाशात तपासली होती, त्यात वरच्या रंगाखाली काय काढलंय ते दिसतं. प्रत्येक चित्रात, पांढऱ्याखाली, दोन्ही कडांना काहीतरी लंबट काढलेलं होतं, अगदी बारकाईने. आणि मग त्यावर पांढऱ्याचे थर, एकावर एक, कितीतरी. त्यांना वाटलं, बाईंनी आधी फळंभाज्या मांडल्या असतील आणि नंतर बेत बदलला असेल. "आम्ही आपसांत बटाटेच म्हणायचो. चुकलंच आमचं. एका टोकाला चपटं काही दिसायचं, ते नख होतं होय!" ती थांबली. तिने पुन्हा माझा हात घेतला, पण ह्या वेळी भिंग वर सारून. "काकू, आणि पहिल्या चित्रांत ते तुकतुकीत आहेत. पुढे पुढे त्यांना सुरकुत्या येत जातात. सांध्यावर. शेवटच्या चित्रात तर नखावर उभ्या रेघा आहेत. अशाच." मी माझ्या नखाकडे बघितलं. उभ्या रेघा कधी आल्या मला आठवत नाही. ताईला माहीत होतं. मी राहायला जायची तेव्हा शेंगा सोलताना ती बघत असणार.

 समोरच्या भिंतीवरची बाई चादर धरत होती. मग मी म्हटलं, "ते आभाळ निघतं का हो?" भिंगवाली म्हणाली, "निघतं. आम्ही मुद्दाम असाच रंग वापरतो. पुढेमागे कुणाला वाटलं की हे चुकलं, तर बाईंच्या रंगाला धक्का न लावता पुसता यावं. आजच्या आज एखादं होईल." ती उठलीसुद्धा. पण गॅलरीवाल्या बाई जागच्या हलल्या नाहीत. "मावशी, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण तो माणूस आज एकदाच येणार. कडा उघड्या दिसल्या की तो म्हणणार, खराब झालंय. मी त्याला कितीही समजावलं तरी... नंतर काढलं तर नाही का चालणार? तो गेल्यावर?" त्यांचा स्वर विनवणीचा होता, आणि त्या ताईसाठीच विनवत होत्या. मला फार जड गेलं. मी म्हटलं, "तुम्ही तिच्यासाठी जे केलंत ते मी केलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी गप्प घरी जाईन. पण त्याने भरलेलं चित्र नेलं, तर तो ताईचं नेणार नाही. तिने तिथे आभाळ काढलं नव्हतं. आई सांगून थकली, तरी काढलं नाही."

गॅलरीवाल्या खिडकीच्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. भुवया, ओठ, सगळं हलत होतं. मला वाटलं, चित्राच्या मागून हा चेहरा बघायला हवा होता. "काढा," त्या शेवटी म्हणाल्या. "हे एक काढा." मग माझ्याकडे वळून उत्साहाने, "आणि मावशी, वर त्या खास प्रकाशातले फोटो मोठे करून लावू. अंगठे दिसतील सगळ्यांना!" "नको," मी म्हटलं. "अहो पण..." "ते तिने झाकलंय ना? मग ते झाकलेलंच राहू दे. माझे मला परत द्या, तिचे तिला राहू द्या." हे बोलताना मला अजूनही ठाऊक नव्हतं की तिने ते का झाकलं. आजही ठाऊक नाही. पण भिंतीकडे तोंड करून ठेवलेली वस्तू ठेवणारीच्या मागे उलटी फिरवायची नसते, एवढं मला कळत होतं.

मागच्या खोलीत, मोठ्या खिडकीखाली, भिंगवालीने कापसाचा बोळा कशात तरी बुडवला आणि आभाळाच्या कडेवर गोल गोल फिरवायला लागली. तिचे स्वतःचे कित्येक दिवस त्या बोळ्यावर राखाडी होऊन येत होते. ती जराही कुरकुरली नाही. मधेच एवढंच म्हणाली, "छान जमलं होतं पण, नाही?" "फारच छान," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. राखाडीखालून आधी एक तपकिरी ठिपका आला, मग तो पसरत गेला. मला वाटलं होतं मला रडू येईल. आलं नाही. पूर्वी केव्हातरी ओळखीच्या असलेल्या बाईकडे बघावं तसं मी त्या डागाकडे बघत होते. केवढा लहान होता. त्या वेळी माझा अंगठा एवढा होता.

संध्याकाळी गोदाम माणसांनी भरलं. परदेशी पाहुणा उंच, वाकलेला, मऊ आवाजाचा. गॅलरीवाल्या बाई त्याच्या शेजारी चालत त्याच्या भाषेत भराभर सांगत होत्या, मध्येच आपले अंगठे पुढे करून. तो खिडकीच्या चित्रासमोर थांबला, दोन्ही कडांकडे बघितलं, मान हलवली, माझ्याकडे बघून हसला आणि वर गेला. खाली आला तेव्हा गॅलरीवाल्यांनी माझा हात दाबला. त्याने पांढरी चित्रं घेतली, सगळी. खालची घेतली नाहीत. "खूप आवडलं म्हणाला, पण प्रवासाला नाही म्हणाला." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "जाऊ दे. ताई जाऊ दे पुढे. मी इथेच बरी." आणि मला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि खरोखरच बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि ह्या वयात दोन्ही एकदम वाटण्याची मला सवय आहे.

लोक येत होते, चित्रांसमोर डोकी तिरपी करत होते, सरबताचे पेले सांभाळत पुढे जात होते. मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते. भिंगवालीने दुपारी विचारलं होतं, चित्राखाली काही लिहायचं का? मी नको म्हटलं होतं. आता वाटत होतं, लिहायला हवं होतं की काय. एक गोरटेली बाई नवऱ्याबरोबर आली, चित्राच्या अगदी जवळ गेली आणि कडेकडे बोट करून म्हणाली, "बघ ना, इथला रंगच उडालाय. एवढी मोठी गॅलरी, पण नीट ठेवता येत नाही." तिचा नवरा म्हणाला, "जुनं असेल." मी बोलायला तोंड उघडलं. भूगोलाच्या तासाला शोभेल असं सगळं मांडायला हवं होतं, खोली, आरसे, खिडकी, कुठून सुरुवात करावी कळेना. दोन्ही हात मी पर्सखाली घेतले.

सूनबाई माझ्या मागे उभ्या होत्या, पाण्याची बाटली काखेत. त्या पुढे झाल्या. "रंग उडालेला नाही हो," त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की चार माणसांनी वळून बघितलं. "तिथे आमच्या आई आहेत."